रिकाम्या गाडीचा थांबा

९ फेब्रुवारी

ताई,

आधी आईला सांग की मी ठणठणीत आहे, मग नीट बस आणि पुढचं वाच. लांब पल्ल्याची गाडी मी सोडली. बारक्या, हे भटकणं पुरे कर, घरी बायको आहे याची तरी आठवण ठेव, असं म्हणून म्हणून तुझं तोंड दुखलं असेल. शेवटी ऐकलं तुझं. आता मी डेअरीच्या टँकरवर आहे. पहाटे रिकामा टँकर घेऊन निघायचं, गावागावातलं दूध गोळा करायचं आणि संध्याकाळच्या आत भरून परत. मग आपलं घर आणि आपलं अंथरूण.

नोकरी तशी मजेची आहे. पहिल्याच दिवशी पांढरा शर्ट आणि पांढरी पँट दिली. आरशात बघितलं तर मी ड्रायव्हर कमी आणि कंपाउंडर जास्त दिसत होतो. फाटकावर एक बाई असते, तिला सगळे दूधमास्तरीण म्हणतात. ती टँकरचं झाकण उघडून नुसता वास घेते. तिने नाक मुरडलं की आपण संपलो. अजून तरी मुरडलेलं नाही. आणि आमची ही म्हणते, तुमच्या अंगाला आता डिझेलचा वास येत नाही, चुकल्याचुकल्यासारखं होतं. आता बोल, या बाईला काय म्हणावं.

पण पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. ताई, मला बाबांचा थांबा सापडला.

आठवतो ना? सुट्टीत बाबा आपल्याला गाडीतून न्यायचे. लाकूड आणायला जाताना गाडी रिकामी असायची, म्हणून आई, तू आणि मी मागच्या हौद्यात ताडपत्रीवर. तू वारा लागू नये म्हणून डोक्याला फडकं बांधायचीस आणि मी तुला म्हातारी म्हणायचो. छोटा पूल आला की बाबा गाडी रस्त्याच्या खाली डाव्या हाताला घ्यायचे. तिथे डबे उघडायचे. तिथलं ते तुतीचं झाड! आपली तोंडं, बोटं, कपडे सगळं जांभळं. माझा नवा रस्ता नेमका तिथूनच जातो. पूल तोच, आणि डाव्या हाताला झाड अगदी तस्संच उभं. आणि त्या झाडाला पाटी लावलेली की जागा विकणे आहे. मी जागच्या जागी ब्रेक मारला. मागच्या गाडीवाल्याने माझा उद्धार केला, पण मला त्याचाही आनंद झाला.

घरमालकाने तुम्हाला पावसाळ्याच्या आत खोली रिकामी करायला सांगितली आहे. आई माझ्याकडे तीन जिने चढून यायला तयार नाही आणि दुसऱ्या भाड्याच्या खोलीचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करून झोपते, असं तूच लिहिलं होतंस. तर मग ही जागा घेऊन टाकू. आधी तुम्हा दोघींना एक खोली, पुढे आम्हाला एक. पैशाचं मी बघतो, एवढी वर्षं लांबच्या फेऱ्या काय हवा खायला मारल्या? तू एकदा आईला घेऊन बघून ये. तुमच्याकडून बस जाते. कंडक्टरला पुलापाशी थांबव म्हणावं. डाव्या हाताला बघ, चुकणारच नाही.

तुझा,
बारक्या


१८ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र आलं तेव्हा मी शाळेच्या गणवेशांच्या ढिगाऱ्यात गळ्यापर्यंत बुडालेली होते. दुकानाच्या शेठला या वर्षी सगळ्या शाळा एकदमच हव्या आहेत. पत्र तसंच पर्समध्ये टाकलं आणि घरी येऊन आईला वाचून दाखवलं. तिला आता ठळक अक्षरंसुद्धा दिसत नाहीत, पण कान असे तिखट की मी एक ओळ गाळली तर लगेच म्हणाली, मधलं काय खाल्लंस?

नोकरी बदललीस हे बेस केलंस. तुझ्या बायकोला माझ्यातर्फे सांग, की डिझेलच्या वासाची आठवण येत असेल तर एक बाटली भरून ठेव, पण नवरा सोडू नकोस.

आता जागेचं. अरे शहाण्या, तू ती जागा केबिनमधून बघितलीस की खाली उतरून? तुम्हा ड्रायव्हर लोकांना सगळं उंचावरून आणि पळतं दिसतं. बैलासारखं नुसतं समोर बघून चालायचं आणि घरी येऊन सांगायचं की अमुक ठिकाणी स्वर्ग आहे. पाणी आहे का, जमीन कुणाच्या नावावर आहे, आजूबाजूला माणसं कशी आहेत, यातलं काही विचारलंस? नाही. झाड दिसलं आणि गडी पाघळला.

घरमालकाने काल परत आठवण केली. तो वाईट नाही, त्यालाही पोराचं लग्न करायचंय आणि इमारत पाडून नवी बांधायची आहे. मी दोन खोल्या बघून आले. एकीच्या खिडकीतून शेजारची भिंत दिसते आणि दुसरीला खिडकीच नाही. आईला सांगितलं तर तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता परक्याच्या छपराखाली मी जायची नाही. जाईन तर आपल्या." एवढंच.

थांब्याचं वाचलं तेव्हा मात्र उठून बसली. मला म्हणाली, त्याला विचार, ती जागा त्याला दिसते तेव्हा गाडी भरलेली असते की रिकामी. मी म्हटलं, आई, त्याला काय फरक पडतो? तर म्हणाली, तू विचार तर खरी. तिला तुझ्या टँकरची काळजी वाटत असेल. भरल्या गाडीने रस्त्याखाली उतरू नकोस म्हणून म्हणत असेल. तर सांग एकदाचं.

शेठने सुट्टी दिली की आम्ही जाऊन येऊ.

ताई


२ मार्च

ताई,

आईला सांग, गाडी रिकामी असते. एकदम रिकामी, ठणठण वाजते. काळजी करू नकोस म्हणावं.

तुझा टोमणा लागला, म्हणून रविवारी हिला घेऊन मुद्दाम गेलो आणि खाली उतरून बघितलं. जमीन काळी आहे, मागे विहीर आहे, झाडाची सावली आपल्या जुन्या अंगणाएवढी पडते. मालक जवळच्या गावात राहतो. म्हातारा आहे, डोक्यावर उन्हातान्हात लोकरीची टोपी. मी त्याचं नाव टोपीवाला ठेवलंय. गप्पिष्ट आहे. त्याची मुलं सगळी शहरात, शेतात कुणाला रस नाही, म्हणून विकतोय. मी त्याला लहानपणी इथे तुती खायचो म्हटलं, तर म्हणाला, तरीच म्हटलं झाड खालच्या फांद्यांना फळ का धरत नव्हतं. विसार देऊन टाकला. एप्रिलच्या शेवटी खरेदी करू असं ठरलं. आता खूश?

झाडाखाली बसलो आणि काय काय आठवलं म्हणून सांगू. बाबांच्या गाडीचा हँडब्रेक म्हणजे नुसता शोभेचा. उतारावर उभी केली की गाडी हळूच पुढे सरकायची. म्हणून बाबा ओरडायचे, "बारक्या, दगड लाव!" आणि मी हौद्यातून उडी मारून पुढच्या चाकाखाली दगड सारायचो. तो दगड ठरलेला होता. एका बाजूने उतरता, चाकाखाली असा बसायचा की जणू घडवून घेतलाय. निघताना बाबा तो कुठेतरी नीट ठेवून द्यायचे, पुढच्या खेपेसाठी. कुठे ठेवायचे ते मला आठवत नाही. झाडाच्या आजूबाजूला मी खूप शोधला, ही मला हसत होती. नाही मिळाला. इतक्या वर्षांनी कसा मिळणार म्हणा.

तुझ्या निळ्या फ्रॉकवर तुतीचे डाग पडले होते आणि आईने तुला रस्त्यातच धोपटलं होतं, तेही आठवलं. खरं तर तुती मी फेकली होती.

लवकर जाऊन या. आईचे पाय त्या जमिनीला लागले की माझ्या जिवात जीव येईल.

बारक्या


२४ मार्च

बारक्या,

जाऊन आलो. तुझ्यावर मी भयंकर चिडलेली आहे, पण क्रमाने सांगते.

सकाळच्या बसने निघालो. आई खिडकीशी बसली. दिसत काही नाही, तरी वळण आलं की सांगायची, आता पाण्याची टाकी येईल, आता वीटभट्टी येईल. भट्टी केव्हाच बंद पडलीय, पण जागेवर होती. उतार सुरू झाला तशी माझा हात धरून म्हणाली, आता पूल. कंडक्टर चांगला होता, त्याने तिला हाताला धरून खाली उतरवलं.

डाव्या हाताला बघ, असं तू लिहिलं होतंस. बघितलं. झाड कुठाय, अरे? दोन काटेरी झुडपं आणि खडकाळ उतरती जमीन. रस्त्याच्या पलीकडे एक मोठं झाड होतं, ते बघून म्हटलं, वा रे बहाद्दर, दुसऱ्याचं झाड आपल्या जमिनीत लावून मोकळा झालास. विहीर नाही, एक हातपंप आहे, तोही चार वेळा दांडा मारला की एकदा पाणी देतो. आणि तुझा तो टोपीवाला? तिथे एक शेळ्यावाली बाई भेटली. जमीन तिची. मी विचारलं, आमच्या भावाने विसार दिलाय तो मिळाला ना? तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच तिला लुबाडायला आले आहे. तिला कुणी पैसा दिलेला नाही, कुणी भेटलेलं नाही, पाटी तिने लावलेली नाही. बारक्या, तुला कुणीतरी टोपी घातली आहे.

आणि इकडे आईचं वेगळंच. माझा हात सोडून ती चालायला लागली, मी ओरडेपर्यंत पुलाच्या कठड्यापाशी गेली. कठड्याखाली वाकली, हाताने काहीतरी चाचपत बसली. मी शेळ्यावालीशी वाद घालण्यात गुंतलेली. परत बघितलं तर आई मोकळ्या जमिनीवर मांडी घालून बसली आहे, ऐन उन्हात, आणि चेहरा असा की मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. म्हणाली, हीच जागा. त्याला म्हणावं, घे.

शेळ्यावाली मग निवळली. तिने आम्हाला पाणी दिलं. तिच्या मुली तिला आपल्याकडे बोलावतात, शेळ्या तिला झेपत नाहीत, रस्त्याकडेचा तुकडा ती द्यायला तयार आहे. तिथे गवतही उगवत नाही असं तिनेच सांगितलं. बाई सच्ची वाटली. पण तुझ्या विसाराचं काय? ताबडतोब लिही. येताना आईने पिशवी माझ्या हातात दिली, ती इतकी जड की माझा खांदा अजून दुखतोय. विचारलं तर म्हणाली, असू दे.

ताई


२९ मार्च

ताई,

धन्य आहे तुझी! कुणी मला टोपी घातलेली नाही. तुम्ही रस्त्याच्या भलत्याच बाजूला उतरलात. अगं, मी इकडून जातो, तुम्ही तिकडून आलात. माझं डावं ते तुमचं उजवं. पलीकडचं ते मोठं झाड, तेच आपलं. त्याच्याखाली पाटी, मागे विहीर, सगळं तिथेच. रस्ता ओलांडायचा तेवढा राहिला. चूक माझीही आहे. गाडी चालवणाऱ्याला वाटतं की डावा हात सगळ्या जगाला एकच असतो.

शेळ्यावालीला नाही म्हणून कळव. तिची जमीन मी रोज परतताना बघतो, नुसता खडक आहे. तिथे ना सावली, ना पाणी. अशा ठिकाणी मी माझ्या आईला ठेवू?

आईला जपून सांग. तिला दिसत नाही, तू उतरवलंस तिथे ती बसली आणि तिला तीच जागा वाटली. तिचा काय दोष? रस्ता ओलांडून सावलीत नेलं असतं तर तिथेही म्हणाली असती, हीच जागा. खरेदीच्या दिवशी मी स्वतः तिला झाडाखाली बसवीन.

बारक्या


६ एप्रिल

बारक्या,

हे पत्र शांतपणे वाच, आणि तुझ्या बायकोलाही वाचून दाखव. मी लिहिता लिहिता दोनदा थांबले.

तुझं पत्र मी आईला जपूनच सांगितलं. म्हटलं, आई, आपण चुकीच्या बाजूला उतरलो होतो. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, तो रिकामी गाडी घेऊन कुठून कुठे जातो? मी म्हटलं, शहरातून इकडे येतो, आणि दूध भरून तिकडे परत. तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "अगं, मग उलटंच झालं की. आपण इथून रिकामे निघायचो आणि लाकूड भरून इकडे यायचो. त्याची रिकामी बाजू ती आपली भरलेली बाजू."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बाबा थांबायचे ते जाताना. आपल्या गावाहून जाताना डाव्या हाताला, म्हणजे शेळ्यावालीच्या बाजूला. झाडाच्या बाजूने गाडी यायची ती परतताना, लाकडाने भरलेली, आणि तिथे चढ आहे. आई म्हणाली, भरली गाडी त्या चढावर एकदा थांबली की परत हलायची नाही, म्हणून तुमचे बाबा तिथे जन्मात थांबले नाहीत. तुला आठवत नाही कारण येताना तू केबिनमध्ये माझ्या मांडीवर तोंड उघडं टाकून झोपलेला असायचास.

मी म्हटलं, पण आई, झाड? तुती? ते तर आम्हाला दोघांनाही आठवतं. तर म्हणाली, झाड खरंच आहे. बाबा तुम्हा दोघांना हाताला धरून रस्ता ओलांडून द्यायचे, तिथल्या राखणदाराला लक्ष ठेव म्हणायचे आणि परत माझ्याकडे यायचे. तुम्ही झाडाखाली असायचात म्हणून तुम्हाला झाड आठवतं. मी अलीकडे बसायची. गाडीच्या सावलीत.

मी विचारलं, आणि दोघं काय करायचात तिथे? म्हटलं तर चेष्टेनेच. ती पदराशी चाळा करत बसली. मग जे सांगितलं ते तिच्याच शब्दात लिहिते. "तुमचे बाबा टाचेने घर काढायचे. धुळीत. इथे खोली, इथे चूल, इथे तुझी बसायची जागा, आणि एवढी सगळी गाडी उभी करायला. मी म्हणायची, गाडीला खोलीपेक्षा मोठी जागा? तर म्हणायचे, तीच तर आपल्याला घालते खायला. दर खेपेला तेच घर, तिथेच. तुम्ही तोंडं रंगवून परत आलात की पायाने पुसून टाकायचे. पोरांना आत्ताच आशा लावू नको म्हणायचे."

बारक्या, आपण दोघं पलीकडे तुती खात होतो आणि आपलं घर इकडे दर खेपेला उभं राहत होतं आणि पुसलं जात होतं. आपल्याला कधी कुणी बोललं नाही. बाबा गेले तेव्हाही आई बोलली नाही. त्या दिवशी ऐन उन्हात जमिनीवर बसली होती ना, ती कुठे बसली होती माहितेय? तुझी बसायची जागा म्हणून त्यांनी दाखवलेली, तिथे.

तू म्हणशील, म्हातारीच्या मनाचे खेळ आहेत. मलाही क्षणभर वाटलं. म्हणून विचारलं, आई, दिसत नसताना तुला नेमकी जागा कशी कळली? तर म्हणाली, ती पिशवी आण. तीच जड पिशवी. मी इतके दिवस कोपऱ्यात ढकलून ठेवली होती. उघडली तर आत दगड. एका बाजूने उतरता, वरून टायरचा काळा पट्टा अजून दिसतो. पुलाच्या कठड्याखाली खोबण आहे, तिथे बाबा ठेवायचे. आई वाकली ती त्याच्यासाठी. मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललीस? तर म्हणाली, मला वाटलं तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे, म्हणून तर बारक्या ती जागा घेतोय.

आता तू ठरव. झाडाची जागा चांगली आहे हे आम्हा दोघींनाही कळतं. आई हट्ट करणार नाही. तिने तसं सांगितलंय, की त्याने विसार दिलाय, त्याला तोंडघशी पाडू नकोस, मी झाडाखालीही राहीन. पण हे सांगताना ती तो दगड मांडीवर घेऊन बसली होती.

ताई


१९ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मी फाटकाबाहेर टँकर उभा करून वाचलं आणि परत वाचलं. मग घरी आलो आणि हिला दिलं. ती वाचून रडली आणि मला म्हणाली, तुम्ही अजून विचार कसला करताय?

पण विचार केला, खोटं कशाला बोलू. काळी जमीन, विहीर, सावली, सगळं हातात आलेलं. चार दिवस मी माझ्या मनाशी भांडलो. पाचव्या दिवशी दूध भरून परतत होतो. पूल आला. भरल्या टँकरने वाटेत थांबायची आम्हाला बंदी आहे. थांबलो. गाडी खाली घेतली, इंजिन बंद केलं. माझा हँडब्रेक नवाकोरा आहे, तरी उतरल्याउतरल्या हात दगड शोधायला लागले. कठड्याखाली खोबण बघितली. आत दगडाच्या आकाराचा कोरडा खळगा आहे. त्यात मी हात घालून बसलो, वेड्यासारखा.

टँकरची सावली जमिनीवर पडली होती, खोलीएवढी. तिच्यात जाऊन बसलो. गार वाटलं गं. समोर रस्ता आणि पलीकडे ते झाड, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. त्याच्याखाली बसून कधी ते असं दिसलंच नव्हतं. वाटलं, बाबांना इथून आपण दोघं दिसत असणार, फांद्यांना लोंबकळणारे, आणि म्हणूनच ते आपल्याला तिकडे सोडून निवांत बसत असणार. मला बाबांची फार आठवण आली. गाडी चालवायला लागल्यापासून एवढी कधी आली नव्हती.

उशीर झाला. फाटकावर दूधमास्तरणीने झाकण उघडलं, वास घेतला, परत घेतला. मग विचारलं, कुठे थांबला होतास? मी खरं ते सांगितलं. तिने झाकण लावलं आणि आत जा म्हणाली. पुन्हा थांबलास तर लेखी देईन असंही म्हणाली, पण ते आवाज खाली करून.

टोपीवाल्याकडे गेलो. मनाची तयारी केली होती की विसार बुडाला. त्याला सगळं सांगितलं. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं, आणि म्हणाला, तुमचे वडील मला आठवतात, तो राखणदार म्हणजे माझा बाप, स्वतःची जमीन स्वतःच राखायचा. विसार त्याने अर्धा परत दिला. अर्धा ठेवून घेतला. म्हणाला, ही लहानपणी खाल्लेल्या तुतीची किंमत. वर आणि विहिरीचं पाणी लागलं तर न्या म्हणाला.

शेळ्यावालीकडे निरोप धाडलाय. पुढच्या आठवड्यात कागद करू. आईला सांग, टाचेने काढलेलं सगळं नीट आठवून ठेव. गवंड्याला तीच सांगणार आहे.

आणि सामान आणायला मी मित्राचा ट्रक घेऊन येतोय. रिकामा.

बारक्या


२ नोव्हेंबर

बारक्या,

रोज दारावरून जाणाऱ्या माणसाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर आली आहे. पण तू थांबू शकत नाहीस, आणि हॉर्नमध्ये काही सांगता येत नाही.

खोली आता सुकली. भिंतींचा ओला वास गेला. मशीन मी दाराशी मांडलं आहे, शेठ कापलेलं कापड बसने पाठवतो आणि शिवलेलं बसने नेतो. कंडक्टर तोच, त्या दिवशीचा. आईला रोज हाक मारून जातो. शेळ्यावाली अजून मुलींकडे गेलेली नाही. आज जाते, उद्या जाते म्हणते आणि संध्याकाळी आईपाशी येऊन बसते. टोपीवाला परवा तुती सुकवून पिशवीभर देऊन गेला. हिशोब फिटला का विचारलं, तर म्हणाला, फिटत आला.

आम्ही सामान घेऊन आलो तो दिवस मी अजून आठवते. तू आईला केबिनमध्ये बस म्हणून किती विनवलंस. ती मागेच बसली, हौद्यात, गाद्यांच्या गठ्ठ्यावर, आणि मला म्हणाली, डोक्याला फडकं बांध. मी बांधलं. तू आरशातून बघून म्हातारी म्हणालास, ते मला ऐकू आलं बरं का.

आता कामाचं. तुमच्या खोलीचं कधी सुरू करायचं ते बायकोला विचारून ठरव. जागा तिच्या पसंतीची, फक्त पुढची सोडून. पुढच्या मोकळ्या जमिनीत मी मिरच्या लावायच्या म्हणून आळी केली होती. आईने सकाळी पाय फिरवून सगळी बुजवली. मी म्हटलं, अगं, एवढी जमीन ओसाड काय ठेवायची? तर म्हणाली, ती ओसाड नाही, ती गाडीची आहे.

रोज दुपार कलली की ती तिथे जाऊन बसते. तुझा टँकर तिला माझ्याआधी कळतो. उतारावर आवाज बदलला की म्हणते, भरलाय. तू हॉर्न वाजवून जातोस, मग थोडा वेळ बसते आणि आत येते. काल आत आली नाही. मी बोलवायला गेले तर चाचपून चाचपून चाकाची जागा बघत होती, दगड शेजारी ठेवलेला. मला म्हणाली, त्याला एक निरोप लिही, बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

"त्याला म्हणावं, सुट्टीच्या दिवशी कुणाची तरी रिकामी गाडी माग आणि एकदा आत घे. उडी मारून उतरायची गरज नाही. दगड मी लावते."

ताई